शुक्रवारचा दुसरा डोंगर

५ नोव्हेंबर, मंगळवार

नवी वही काढली. जुनी भरलेली नाही. पण जुन्या वहीत सगळं नीट चाललं होतं, तिच्यात हे लिहून ती नासवायची नाही.

आज सापार-आगायांनी पेरिझातला आणून माझ्या टेबलापाशी उभं केलं. आगाय बिश्केकमधल्या आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. म्हणाले, "सालकीन, ही पेरिझात. मूळची नारीनची, पाच वर्षं कोरियात, सोलमध्ये होती. आता तुझ्याबरोबर काम करेल." तुझ्याबरोबर म्हणाले. तुझ्या हाताखाली नाही. मला ऐकू येतं.

एकोणतीस वर्षांची आहे. केस मोकळे, दोन्ही कानांवरून खाली सोडलेले. प्रयोगशाळेत केस बांधायचे असतात हे सोलमध्ये शिकवत नसावेत. मी तिच्या डाव्या बाजूला उभी होते, "ये, बस" म्हटलं, तर बाई माझ्याकडे ढुंकूनही न बघता पुढे गेल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या. ती माझी खुर्ची. अकरा वर्षं खिडकी माझ्या डाव्या हाताला आहे. आता तिच्या.

अकरा वर्षं मी एकच गोष्ट करतेय. सुईने द्यायचं क्षयाचं औषध श्वासाने देता यावं, एवढीच. साध्या गोळ्यांना न जुमानणारा क्षय झाला की महिनोन् महिने सुया टोचाव्या लागतात. औषध अंगभर हिंडतं, फुप्फुसात पोचतं चिमूटभर, आणि वाटेत कुणाची मूत्रपिंडं तर कुणाचे कान घेऊन जातं. म्हणून मी तेच औषध चरबीच्या इवल्या गोळ्यांत भरते. नॅनोकण म्हणतात त्यांना. केसाच्या जाडीत हजारभर तरी मावतील. मग त्यांचं धुकं करून थेट फुप्फुसात सोडायचं. माझे वडील बॉयलरवर कोळसा ओढायचे. याच रोगाने गेले, अठ्ठ्याण्णव साली. या खोलीत हे काम करायला माझ्याइतकं कारण कुणाकडे नाही.

आणि आगाय म्हणतात, पेरिझातकडेही कृती आहे. ती गोळ्यांवर एक साखर चढवते. जंतू ज्या पेशींत दडून बसतात, त्याच पेशी म्हणे साखरेला भुलून गोळा गिळतात. चौदा फेब्रुवारीला परवानगी देणारं कमिशन बसणार. माणसांवरच्या पहिल्या चाचणीला एकच औषध जाईल, माझं नाहीतर तिचं. जिची मापं सलग तीनदा बरोबर येतील तिचं. दोघींची मापं आली तर आगाय ठरवतील.

आगाय काय ठरवतील ते त्यांच्या तोंडावर आत्ताच लिहिलंय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

नवीन माणसाला पहिला चहा जुन्याने द्यायचा, म्हणून दिला. तिची प्याली काठोकाठ भरली. घरी पाहुणा राहावासा वाटला तर आपण अर्धी प्याली भरतो, म्हणजे त्याने पुन्हा मागावी, पुन्हा भरावी, गप्पा लांबाव्यात. काठोकाठ भरली की अर्थ सरळ: प्या आणि वाटेला लागा. मला वाटलं होतं तिच्या तोंडाचा रंग उडेल. तिने प्याली दोन्ही हातांनी उचलली, एक थेंब न सांडता शेवटपर्यंत प्यायली, "रहमत, एजे" म्हणत थोरल्या बहिणीचे मानावेत तसे आभार मानले आणि बसून राहिली. परदेशात राहून रीतभात विसरलीय, दुसरं काय.

माप घ्यायचं यंत्र एकच, ते माझ्या टेबलाला लागून आहे आणि त्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. माझा वार मंगळवार, तिचा शुक्रवार. दर सकाळी यंत्राचं शून्य मी लावते, म्हणजे हवेतली धूळ त्याच्या हिशेबातून वजा होते. मग लेसरसमोरून औषधाचं धुकं सोडायचं, की पडद्यावर डोंगर उमटतो. थेंब फार मोठे असले तर घशातच बसतात. फार बारीक असले तर आत जाऊन तसेच श्वासाबरोबर बाहेर येतात. मधोमध एकच डोंगर हवा.

तिला पहिल्याच फटक्यात एकच डोंगर आला. सडपातळ, देखणा. माझा जरा पसरट असतो. मी घरी येऊन बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळले. शुक्रवारी तीनलाच निघते मी त्यासाठी. तळणीच्या तेलाचा वास गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो, तो वडिलांपर्यंत पोचावा म्हणून. पहिला घाणा करपला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

माझं माप बरोबर आलं. कागद यंत्रातून बाहेर पडतो न पडतो तोच ती तो घेऊन धावत माझ्याकडे आली. "सूयुंचू, एजे, सूयुंचू!" आनंदाची बातमी आणणाऱ्याला बक्षीस द्यावंच लागतं, ते चुकत नाही. पण माझी बातमी मलाच सांगायला हिला कुणी नेमलं? मला वाचता येतं. खिशात एक कुरुत सापडली, खारवलेल्या दह्याची वाळकी गोळी. तिच्यावर लोकरीचे धागे चिकटले होते. तीच दिली. तिने तिथेच तोंडात टाकली.

तुरात म्हणतो, "लग्नाआधी तू माझ्याबद्दल इतकं बोलली असतीस तर मी दोन मेंढ्या जास्त दिल्या असत्या." नवऱ्याला काय जातंय चेष्टा करायला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मी निघाल्यावर तिचं माप बिघडलं म्हणे! मोठ्या डोंगराच्या डावीकडे एक छोटा डोंगर. म्हणजे फार बारीक कणांचा घोळका, श्वासाबरोबर परत येणारा. तिची मोजणी पुन्हा एकपासून.

झूरा-अपांनी फोन करून सांगितलं. त्या आमच्याकडे झाडलोट करतात, आणि इमारतीत काय चाललंय ते आगायांच्या आधी त्यांना कळतं. "पोरगी रडवेली झालीय," म्हणाल्या.

बोरसोक आज छान फुगले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

हे लिहू की नको, असा विचार करत तासभर बसले. लिहिते.

तीनला निघाले, थांब्यावर पोचले, तर हातमोजे टेबलावर राहिलेले. परत गेले. यंत्राच्या खोलीत झूरा-अपा उभ्या होत्या, हातात लोखंडी तवा, तव्यात आर्चाची, डोंगरातल्या त्या सुगंधी झुडपाची, जळती डहाळी. माझ्या टेबलाभोवती गोल फिरवत होत्या. नजर काढायचा मंत्र पुटपुटत होत्या, "आलास, आलास, सगळ्या बलांपासून आलास." निळसर धूर यंत्राच्या तोंडापर्यंत पसरला होता. पेरिझात खाली तळघरात नमुने आणायला गेली होती.

"अपा, हे काय?"

"काय म्हणजे? धुरी. जुम्मा आहे ना आज. गेल्या जुम्म्यालाही दिली."

"कुणासाठी?"

अपा माझ्याकडे बघतच राहिल्या. "ज्याला नजर लागलीय त्याच्यासाठी."

कुणाला लागलीय आणि कुणाची लागलीय, ते मला सांगायला नको. त्या पोरीला माझी! सतरा वर्षं ओळखतात मला या बाई, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी तीन दिवस भांडी घासली, आणि आता माझ्या डोळ्यांवर उतारा म्हणून माझ्याच टेबलाला धुरी. मी हातमोजे उचलले आणि निघाले.

बसमध्ये बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला. शून्य मी सकाळी लावते. धूर दुपारी होतो. धुराचे कण किती बारीक असतात ते या देशात मला सोडून फार तर चारपाच जणांना माहीत असेल. तो दुसरा डोंगर तिच्या औषधाचा नाहीच. आर्चाचा आहे.

वास सगळ्यांनाच येत असणार. पण हिवाळ्यात सगळं शहर कोळशाने धुरकटलेलं, आणि आर्चाचा वास म्हणजे प्रत्येकाच्या घराचा वास. त्याच्याकडे कोण लक्ष देतंय?

संध्याकाळी कळलं, आजही दोन डोंगर. सोमवारी सांगेन तिला.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं नाही. सकाळी जिन्यात मागून दोनदा हाक मारली होती. वळलीसुद्धा नाही. मग राहिलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

माझं माप तिसऱ्यांदा बरोबर. सलग तीन. आगायांनी हात हातात घेतला आणि म्हणाले, "शाब्बास, सालकीन." अकरा वर्षांत तिसऱ्यांदा. पहिले दोन्ही मला तारखेनिशी आठवतात.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज तिने माझा सल्ला मागितला. खुर्ची माझ्या डाव्या हाताला ओढून बसली. इतकी जवळ, की तिचा उजवा खांदा मला लागत होता. "एजे, साखर कमी करून बघू का? कण फुटत असतील का?"

मी म्हटलं, "बघ करून."

"काय म्हणालात?"

प्रत्येक गोष्ट दोनदा वदवून घेते. मी मान वळवून तिच्या तोंडावर म्हटलं, "बघ करून, म्हटलं."

साखर कमी केली तर तिच्या औषधाचा जीवच जाईल. तिला ते कळत असणार. आणि कळत नसेल तर तिला ती पदवी दिली कुणी? मी काही खोटं बोलले नाही. बघ करून, एवढंच म्हटलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

दोन डोंगर. तिने साखर अर्ध्यावर आणलीय. गेल्या दोन आठवड्यांत बारीक झालीय, जेवणाच्या सुट्टीत यंत्रापाशीच बसते. तिने आज खिम्याचा सामसा आणला होता, पिशवी तशीच होती. मला वाईट वाटलं. आणि मग वाटलेल्या वाईटाचा रागही आला. मी अकरा वर्षं जेवणाच्या सुट्ट्या सोडल्या, तेव्हा माझी पिशवी कुणी बघितली होती?

माझं औषध काही वाईट नाही. ते गेलं तरी माणसं बरी होतीलच.

जरा कमी होतील.

१७ जानेवारी, शुक्रवार

आगायांनी विचारलं, "सालकीन, यंत्र तर ठीक आहे ना?"

"माझ्या मंगळवारी ठीक असतं," मी म्हटलं.

एवढं सरळ उत्तर मला कसं सुचलं, मलाच नवल वाटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज मुद्दाम थांबले. अपांना एकदा जाब विचारायचाच होता. तवा घेऊन आल्या तशी मी दारातच गाठलं.

"अपा, माझी नजर इतकी वाईट आहे का हो? दोन महिने झाले धूर करताय, अजून उतरली नाही?"

अपांनी तवा खाली ठेवला. "तुझी नजर? अगं वेडे, धुरी तुझ्यासाठी आहे!"

"माझ्यासाठी?"

"त्या पोरीनेच दिलीय आर्चा. नारीनहून आली तेव्हा पिशवीभर घेऊन आली. म्हणाली, अपा, एजेचा चेहरा उतरलाय, माझ्याशी हसतसुद्धा नाहीत, कुणाची तरी नजर लागलीय, त्यांच्या घरी जाऊन धुरी द्याल का? आता तुझं घर पडलं शहराच्या त्या टोकाला, माझे गुडघे हे असे. म्हटलं टेबलाला देते, घरापेक्षा जास्त वेळ तू इथेच असतेस."

अपांना थांबता येईना.

"देवाने भलं करावं तिचं. एकोणिसाव्या वर्षी क्षयाच्या दवाखान्यात आठ महिने सुया घेतल्या पोरीने. डावा कान गेला तो गेलाच. तिथे पडल्या पडल्या तुझा तो छापलेला लेख वाचला म्हणे. एक एजे आहे बिश्केकमध्ये, ती असं औषध करतेय की कान जायचा नाही. म्हणून तर शिकली, म्हणून तर सोल सोडून इकडे आली. तुला नाही सांगितलं? मला वाटलं, तुला माहीत असेल."

खिडकी डाव्या हाताला. मोकळे केस. जिन्यातली हाक. दोनदा विचारणं. सगळं एकामागून एक आठवत गेलं आणि मी कोटाची बटणं लावत राहिले.

इथे खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. मला लाज वाटली, खूप वाटली. पण सगळ्यात आधी, लाजेच्याही आधी, मला तिचा हेवा वाटला. तिच्या त्या बहिऱ्या कानाचासुद्धा. कारण फक्त माझ्याकडे आहे असं मला वाटत होतं, आणि तिच्याकडे माझ्यापेक्षा मोठं निघालं. माझ्या वडिलांना औषध आता लागणार नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

सांगितलं तर काय होईल ते मांडून बघतेय. कमिशनपुढे तिचं औषध जाईल. माझं कपाटात जाईल. किल्ली जाईल. आगायांचा तिसरा शाब्बासही परत जाईल.

नाही सांगितलं तर काहीच होणार नाही. कुणालाही, कधीही कळणार नाही. हेच मला झोपू देत नाहीये.

तुरातने विचारलं, "त्या पोरीने आता काय केलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तिने काहीच केलं नाही."

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी अपांच्या हातून तवा काढून घेतला. "चांगला धूर आहे, त्याने कधी कुणाचं वाईट झालंय?" म्हणून कुरकुरल्या. मी म्हटलं, नजर उतरली माझी, आता पुरे. बोरसोक करायला गेले नाही. वडील एक शुक्रवार थांबतील.

पेरिझातने आज पुन्हा पहिलीच कृती घेतली होती, साखर पुरती. "शेवटचंच आहे, एजे, मग मी सोडते नाद," म्हणाली. चार वाजता पडद्यावर डोंगर उमटला. एकच. सडपातळ, देखणा.

तिने कागद खेचून काढला आणि धावत आली. डोळे भरलेले, हसतेय. "एजे! सूयुंचू! सूयुंचू द्या!" स्वतःच्या बातमीचं बक्षीस माझ्याकडे मागत होती. जणू ती बातमी माझी होती.

खिशात हात घातला. कुरुत होती. ती देता आली असती. तिने तोंडात टाकली असती आणि सगळं संपलं असतं.

"देते," मी म्हटलं. तिच्या उजव्या बाजूला गेले. मापांची नोंदवही काढली आणि तिच्यासमोर, शेऱ्याच्या रकान्यात, पंधरा नोव्हेंबरपासूनच्या प्रत्येक शुक्रवारपुढे लिहीत गेले: 'खोलीत आर्चाचा धूर होता. माप धरू नये.' बावीस नोव्हेंबरपुढे आणखी एक ओळ लिहिली: 'मला या दिवसापासून माहीत होतं.' खाली सही केली.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं रडेल, मिठी मारेल, काहीतरी करेल. मी तर मनातून तयारीही केली होती.

"दहा आठवडे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की या वेळी मलाच पुढे वाकावं लागलं. "मी साखर कमी करत होते आणि तुम्ही म्हणालात, बघ करून."

"हो."

"माझीच आर्चा होती ती."

"हो."

"एजे, दवाखान्यात मी रात्री घड्याळ कानाशी धरून बघायची. आज टिकटिक ऐकू येतेय का, कालच्याएवढी येतेय का. या दहा आठवड्यांत तसं किती जणांनी बघितलं असेल?" मग ओरडली. "मोजा ना! तुम्हाला मोजता येतं ना!"

नोंदवही उचलून ती थेट आगायांकडे गेली. सूयुंचूला रहमत म्हणायचं असतं. म्हणाली नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

आगायांनी हात पुढे केला. मी किल्ली ठेवली. अकरा वर्षांत तिची दोरी तीनदा बदलली होती मी. त्यांनी कमिशनकडून महिनाभर मागून घेतलाय. मला काढलं नाही. "तुला काढून हे काम कोण करणार, ते तूच सांग," म्हणाले. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

तिचं सलग चौथं. एकच डोंगर. मला मापासाठी आता तिच्याकडे किल्ली मागावी लागते. देते. बोलत नाही. मी उजव्या बाजूने जाऊन मागते, तरीही नाही.

बाकी हेवा गेलेला नाही. लिहून ठेवते, उगाच कुणाला वाटायला नको. तिचा डोंगर बघितला की अजूनही आधी माझ्या डोंगराशी ताडून बघते.

१८ मार्च, मंगळवार

कमिशनचं पत्र आलं. तिचं औषध, पहिले बारा रुग्ण, मे महिन्यापासून. आगायांनी दोघींना बोलावून वाचून दाखवलं. कृती करणाऱ्यांत तिचं नाव पहिलं आहे. दुसरं माझं. ते कुणी घातलं, मी विचारलं नाही. आगाय खिडकीबाहेर बघत होते आणि ती नखं.

मग सगळे चहाला बसलो. ओतायचं काम वयाने लहान बाईचं, म्हणजे तिचं. आगायांची प्याली अर्धी भरली. झूरा-अपांची अर्धी भरली. माझ्यापाशी आली आणि ओतत राहिली. काठापर्यंत. काठाच्याही वर, चहा नुसता थरथरत उभा राहील इतका. मग माझ्याकडे सरळ बघितलं.

म्हणजे नोव्हेंबरातही तिला कळलं होतं. सगळं कळून दोन्ही हातांनी उचलून प्यायली होती.

अपांनी जीभ चावली. आगायांनी एकाएकी बोरसोकमध्ये लक्ष घातलं.

मी प्याली दोन्ही हातांनी उचलली. एक थेंब सांडू दिला नाही. शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, जीभ पोळली, "रहमत, पेरिझात" म्हटलं. आणि उठले नाही. प्याली पुन्हा तिच्यापुढे केली.

तिने प्यालीकडे बघितलं. मग किटली उचलली.

अर्धी नाही भरली. पण काठापर्यंतही नाही. पाऊण. मापं घेण्यात माझा जन्म गेलाय, पाऊणच होती.